मुक्कामी गाडी कोणी बंद केली? एसटीवर सरकारचा ताबा नेमका कुठपर्यंत पोचतो

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या सरपंचताईंनी विचारलं आहे: “आमच्या गावची मुक्कामी गाडी संपात बंद झाली ते परत आलीच नाही. आगार व्यवस्थापक म्हणतात, वरून मंजुरी नाही. आमदारसाहेब म्हणतात, महामंडळ स्वायत्त आहे, मी पत्र देऊ शकतो. मंत्री टीव्हीवर म्हणतात, एसटी सरकारची आहे. मग एसटी कोणाची हाय, अन आम्ही धराव कोणाले?”

ताई, तिघंही आपापल्या जागी खरंच बोलतात, आणि पंचाईत तिथेच आहे. मी एसटीच्या वाहतूक शाखेत एकतीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक विदर्भातल्या विभागांत. ‘वरून’ हा शब्द मीही शेकडो लोकांच्या तोंडावर फेकला आहे. म्हणून आधी हे ‘वर’ म्हणजे काय ते सांगतो, मग तुमच्या मुक्कामी गाडीकडे, म्हणजे रात्री गावात थांबून सकाळी परत निघणाऱ्या गाडीकडे, येतो.

एसटी हे सरकारी खातं नाही. तहसील किंवा बांधकाम विभाग जसा सरकारचा थेट भाग असतो, तशी ती नाही. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ अधिनियमाखाली राज्य सरकारनं स्थापन केलेली ती वेगळी कायदेशीर संस्था आहे. आपल्याकडे तर सुरुवातीला ती नव्हतीच. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर मुंबई राज्याची पहिली गाडी धावली, तेव्हा विदर्भ मध्यप्रांतात होता आणि इकडे प्रॉव्हिन्शियल ट्रान्सपोर्टच्या गाड्या चालायच्या. राज्य पुनर्रचनेनंतर ती सेवा मुंबईच्या महामंडळात मिसळली. माझे वडील शेवटपर्यंत एसटीला ‘सर्व्हिस’च म्हणायचे. “सर्व्हिस गेली का रे?” असं.

आता कायदा. तुमच्या आमदारांनी ‘स्वायत्त’ हा शब्द वापरला, पण कायदा उघडला की ती स्वायत्तता किती आखूड आहे ते दिसतं. संचालक मंडळ सरकार नेमतं. व्यवस्थापकीय संचालक आणि मुख्य लेखाधिकारी सरकार नेमतं. कर्ज काढायचं तर सरकारची मंजुरी, अंदाजपत्रकाला सरकारची मंजुरी, नोकरभरतीचे किंवा सेवाशर्तींचे विनियम करायचे तरी सरकारची पूर्वमान्यता. हिशेब तपासणार देशाचे नियंत्रक व महालेखापरीक्षक. वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवायचा आणि तिथली सार्वजनिक उपक्रम समिती अधिकाऱ्यांना बोलावून उलटतपासणी घेणार. कलम ३६ खाली सरकार चौकशी लावू शकतं, ३७ खाली कारभाराचा एखादा भाग काढून घेऊ शकतं, ३८ खाली अख्खं मंडळ बरखास्त करू शकतं. महामंडळ मोडीत काढायचं झालं तर मात्र राज्याला केंद्राची संमती लागते.

इतकं सगळं सरकारच्या हातात असताना आमदार “स्वायत्त आहे” म्हणतात ते कशाच्या जोरावर? कलम ३४ च्या. या कलमाखाली सरकार महामंडळाशी विचारविनिमय करून त्याला ‘सर्वसाधारण सूचना’ देऊ शकतं: भरती, पगार, प्रशिक्षण, राखीव निधी, नफ्याचा विनियोग अशा बाबतींत. अशी सूचना आली की परवानगीशिवाय महामंडळाला ती मोडता येत नाही. पण शब्द ‘सर्वसाधारण’ आहे, हे ध्यानात ठेवा. अमुक गावची सातची गाडी सुरू करा, ही सर्वसाधारण सूचना होत नाही. माझ्या सगळ्या नोकरीत एका फेरीसाठी कलम ३४ वापरलेलं मी पाहिलं नाही. पाहिली ती पत्रं. लेटरहेडवर, वर सिंहमुद्रा, खाली “योग्य ती कार्यवाही करावी”. आम्ही फाईलला लावायचो आणि उत्तर पाठवायचो: “आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे.” ती नोंद म्हणजे आवक रजिस्टरमधला एक नंबर, बाकी काही नाही.

याच कायद्यात आणखी दोन कलमं आहेत. कलम १८ म्हणतं, महामंडळानं कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची आणि नीट समन्वय असलेली सेवा द्यावी. कलम २२ म्हणतं, कारभार धंद्याच्या तत्त्वावर करावा. मुंबई-पुणे रस्त्यावर या दोन कलमांचं भांडण होत नाही. ते होतं झरी-जामणीत, धारणीत, एटापल्लीत. तिथे ‘पुरेशी’ सेवा द्यायला गेलं की धंदा बुडतो आणि धंदा सांभाळला की गाव तुटतं. या भांडणाचा निकाल कायदा देत नाही. तो द्यायचा सरकारनं, तुटीची भरपाई करून. इथून पैशाची गोष्ट सुरू होते, आणि सरकारची खरी पकड मला विचाराल तर तिथेच आहे.

तिकिटाचा दर महामंडळ ठरवत नाही. प्रस्ताव महामंडळाचा, मंजुरी राज्य परिवहन प्राधिकरणाची, आणि प्राधिकरण म्हणजे सरकारचेच अधिकारी. ऑक्टोबर २०२१ मध्ये १७.१७ टक्के वाढ झाली. त्यानंतरची १४.९५ टक्क्यांची वाढ आली ती थेट जानेवारी २०२५ मध्ये. मधल्या सव्वातीन वर्षांत टायर, सुटे भाग, पगार कोणीच थांबलं नव्हतं. मधे निवडणुका होत्या, हे सांगायला नको. एवढ्यावर तिकिटात साडेसतरा टक्के प्रवासी कर आहे, तो सरकारजमा होतो. म्हणजे मालक सरकार, दर ठरवणार सरकार आणि त्यावर कर घेणारंही सरकार.

मग सवलती. ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास ऑगस्ट २०२२ पासून, महिलांना अर्धं तिकीट १७ मार्च २०२३ पासून. दोन्ही योजना चांगल्या आहेत, मी त्यांच्या विरोधात नाही. माझी थोरली बहीण आता दर महिन्याला माहेरी येते, आधी वर्षातून दोनदा यायची. (पलीकडे तेलंगणानं डिसेंबर २०२३ पासून तिथल्या महिलांना पूर्ण मोफत केलं, त्यामुळे पांढरकवड्याकडच्या बाया “तिकडं फुकट अन इकडं अर्धं काऊन?” असं वाहकाला विचारतात. वाहक बिचारा काय सांगणार!) पण ही सवलत चालते कशी, ते पाहा. चाळीस रुपयांच्या तिकिटाचे बाई वीस देते. उरलेले वीस सरकारकडून यायचे असतात. वाहकाच्या मशीनमध्ये त्याची नोंद होते, आगारात बेरीज होते, ती विभागात जाते, तिथून मुंबई सेंट्रलच्या वाहतूक भवनात, तिथून मागणी गृह विभागाच्या परिवहन शाखेकडे, मग वित्त विभाग, मग शासन निर्णय, मग पैसे. डिझेलवाल्याला मात्र पैसे आजच द्यायचे असतात. जमा तोटा दहा हजार कोटींच्या वर गेल्याचं सरकारनंच २०२५ च्या श्वेतपत्रिकेत मांडलं. तो सगळा सवलतींमुळे झाला असं म्हणणं खोटं ठरेल, त्यात आमची उधळपट्टी आणि भंगार गाड्याही आहेत. पण ज्या संस्थेला पगाराच्या तारखेला मंत्रालयाकडे पाहावं लागतं, तिला स्वायत्त म्हणायला माझी जीभ वळत नाही.

वरच्या खुर्च्यांचं तर विचारूच नका. सप्टेंबर २०२४ मध्ये अध्यक्ष झाले आमदार भरत गोगावले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते पद परिवहन विभागाचे अपर मुख्य सचिव संजय सेठी यांच्याकडे गेलं. पुढे काही आठवड्यांत परिवहन मंत्री प्रताप सरनाईक अध्यक्ष झाले. कोण चांगलं, कोण वाईट, हा माझा मुद्दा नाही. नवा अध्यक्ष आला की केंद्रीय कार्यालय पहिले दोन महिने त्याला आकडे समजावण्यात घालवतं. त्या काळात विभागाच्या प्रस्तावांवर धूळ बसते. त्याच सुमारास १,३१० गाड्या भाड्यानं घ्यायची प्रक्रिया मुख्यमंत्र्यांनी थांबवली. थांबवायला कारणं असतील. मी एवढंच पाहिलं, की हजारावर गाड्या वरून एका शेऱ्यानं थांबतात, पण खाली एक फेरी त्याच शेऱ्यानं सुरू होत नाही. थांबवायला सही पुरते. सुरू करायला पहाटे पाचला आगारात एक गाडी, एक चालक, एक वाहक आणि टाकीत डिझेल, एवढं एकत्र उभं राहावं लागतं.

ती पहाट एकदा दाखवतो. आगाराचं नाव सांगत नाही, अशी पहाट सगळीकडे उगवते. वाहतूक नियंत्रक खिडकीत बसलेला, पुढे ड्युटी वाटपाचं रजिस्टर, चहाचा कागदी कप त्याच रजिस्टरवर. त्या दिवशीची शेड्यूलं, म्हणजे गाड्यांची दिवसभराची ठरलेली कामं, ५८ आणि वर्कशॉपनं दिलेल्या गाड्या ५१. दोन चालकांचे फोन लागत नाहीत, एकाच्या घरी मयत. म्हणजे सात-आठ कामं कापायची. तो लाल पेन उचलतो. नागपूर, अमरावती, पुणे यांना हात लावत नाही, तिथं आरक्षण असतं, उत्पन्न असतं, आणि गाडी नाही लागली तर स्टँडवर आरडाओरडा होतो. मग उरतात खेड्यांच्या फेऱ्या. खेड्यातला माणूस फाट्यावर तासभर उभा राहतो, मग मॅजिकमध्ये, म्हणजे खासगी छोट्या प्रवासी गाडीत, बसून निघून जातो. तक्रार करत नाही. लाल रेघ कुठे पडते ते यावर ठरतं. मंत्रालयातला कोणताही कागद त्या पेनपर्यंत येत नाही, आणि तो पेन धरणाऱ्याला दोष द्यायलाही मला जमत नाही. मीही ती रेघ ओढली आहे.

एखादी फेरी महिना-दोन महिने अशी कापली गेली की ती शेड्यूलमधूनच जाते. तेव्हा कारण लिहिलं जातं ‘भारमान कमी’. तुमच्या गाडीचं कारण बहुधा तेच असेल, म्हणून भारमान म्हणजे काय ते नीट समजून घ्या. गाडीत माणसं किती दिसली, याचा तो हिशेब नव्हे. समजा गाव ३२ किलोमीटरवर आहे आणि गाडीत ४४ जागा आहेत. गाडीची क्षमता झाली ३२ गुणिले ४४, म्हणजे १,४०८. आता दहा माणसं शेवटपर्यंत आली, ते झाले ३२०. बारा माणसं आठ किलोमीटरवरच्या फाट्यावर उतरली, ते ९६. बेरीज ४१६. भारमान साडेएकोणतीस टक्के. स्टँडवरून निघताना गाडीत बावीस माणसं होती, म्हणजे गाडी अर्धी भरलेली. गावकरी शपथेवर सांगतील की गाडीला गर्दी असते. आगारवाला शपथेवर सांगेल की फेरी तोट्यात आहे. दोघंही खरे.

पण एकदा मला यातलं खोटं सापडलं, तेही आमच्याच बाजूचं. एका फेरीचं भारमान सलग कमी येत होतं आणि बंद करायचा प्रस्ताव माझ्या टेबलावर होता. सही करण्याआधी मी साध्या कपड्यात त्या गाडीनं गेलो. परतीच्या वाटेवर दोन फाट्यांवर मिळून एकोणीस पोरी चढल्या, शाळेच्या, पासवाल्या. वाहकानं पास पाहिले, मान हलवली, घंटी मारली. रात्री त्याचं वे-बिल, म्हणजे फेरीच्या तिकिटांचा हिशेब, मागवलं, तर त्यात त्या एकोणीस पोरी कुठेच नव्हत्या. पास म्हणजे तिकीट नाही, तिकीट नाही म्हणजे प्रवासी नाही, असा त्या आगाराचा रोजचा खाक्या. मी वाहकाला विचारलं तर म्हणाला, “साहेब, त्यायचे पैसे तं येत नाही न हातात.” पैसे येत होते, सरकारच्या खात्यातून, फक्त त्या फेरीच्या नावावर चढत नव्हते. प्रस्ताव परत पाठवला. फेरी पुढे तीन वर्षं चालली. माझी बदली झाल्यावर बंद झाली, असं नंतर कळलं.

संपाचा मुद्दा तुमच्या प्रश्नात आहे, त्यावर थोडक्यात. २०२१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या संपाची मुख्य मागणी एसटीचं शासनात विलीनीकरण ही होती. मुख्य सचिवांच्या समितीनं ती मान्य करण्यासारखी नाही असा अहवाल दिला आणि उच्च न्यायालयानं २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर परतण्याची मुदत दिली. आंध्र प्रदेशनं १ जानेवारी २०२० पासून कर्मचारी सरकारी सेवेत घेतले होते, त्याचा दाखला तेव्हा दिला जायचा. कर्मचाऱ्याच्या पगारासाठी विलीनीकरण चांगलं असतं, यात शंका नाही. पण त्यानं तुमची मुक्कामी गाडी आली असती, असं मला वाटत नाही. आरोग्य खातं सरकारीच आहे, तुमच्या उपकेंद्रात डॉक्टर किती दिवस दिसतात ते तुम्हीच पाहा. संपानं खेड्याचं एक नुकसान मात्र पक्कं केलं. पाच-सहा महिन्यांत काळी-पिवळी आणि मॅजिकवाल्यांनी वेळा बांधून घेतल्या, लोकांनी दुचाकी घेतल्या. गाड्या परत सुरू झाल्या तेव्हा भारमान मोजायला प्रवासीच कमी उरले होते.

तर आता करायचं काय. आमदारांकडे परत पत्रासाठी जाऊ नका, आधी कारण हातात घ्या. विभागीय कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांचा. “गाडी का बंद केली?” असं विचारू नका, त्याला “प्रशासकीय कारणास्तव” असं उत्तर येतं. विचारा: या फेरीचं बंद होण्याआधीच्या सहा महिन्यांचं महिनावार भारमान आणि प्रति किलोमीटर उत्पन्न द्या, रद्द झालेल्या दिवसांची यादी प्रत्येक दिवसाच्या कारणासह द्या, आणि पासधारकांची नोंद या भारमानात धरली आहे का ते सांगा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं.

उत्तर आल्यावर कोणाला धरायचं ते आपोआप ठरतं. कारण ‘रस्ता नादुरुस्त’ असेल तर एसटी सोडा, बांधकाम उपविभागाकडून रस्ता वाहतुकीस योग्य असल्याचं पत्र आणा आणि आगाराला सर्वेक्षणाची मागणी करा. ‘गाडी उपलब्ध नाही’ किंवा ‘चालक नाही’ असेल, तर आगार व्यवस्थापकावर राग काढून उपयोग नाही. गाड्यांची खरेदी आणि भरती या दोन्ही सरकारच्या मंजुरीच्या गोष्टी आहेत. तिथे आमदार खरोखर कामाचे. पण पत्रानं नव्हे, सभागृहात. डिसेंबरमध्ये अधिवेशन नागपूरला असतं. तारांकित प्रश्न लागला की काय धावपळ होते ते मी भोगलं आहे. मंत्रालयातून वाहतूक भवन, तिथून विभाग, विभागातून आगार, “माहिती आजच्या आज”, आणि रात्री अकराला आगाराचा लिपिक रजिस्टरं उपसत बसलेला. ज्या फेरीवर विधानसभेत उत्तर गेलं, ती लाल पेनातून बऱ्याचदा वाचते, कारण पुढच्या अधिवेशनात पुन्हा विचारलं जाईल ही भीती असते. एकट्या गावाचा प्रश्न लागणार नाही. तुमच्या रस्त्यावरची पाच-सहा गावं मिळून एक यादी करा आणि ती द्या.

कारण ‘भारमान कमी’ असेल, तर मोजणीलाच आव्हान द्या. गावातली चार शिकलेली पोरं बसवा, आठ दिवस दोन्ही वेळा किती जण मॅजिकनं जातात ते तारीख, वेळ आणि उतरण्याच्या ठिकाणासह लिहून काढा. शाळेच्या मुख्याध्यापकांकडून विद्यार्थिनींची यादी आणि शाळेची वेळ घ्या. तुमचा तालुका मानव विकास कार्यक्रमाच्या १२५ तालुक्यांत आहे का, तहसीलमध्ये विचारा. असेल तर मुलींच्या निळ्या गाडीची मागणी वेगळी करा, तिचा पैसा वेगळ्या खात्यातून येतो आणि आगाराला ती जड वाटत नाही. ग्रामसभेचा ठराव जोडा, पण ठरावात नुसतं ‘गाडी सुरू करावी’ लिहू नका, वेळ लिहा. सकाळी सव्वासहाची गाडी आणि साडेआठची गाडी, यांचे प्रवासी वेगळे असतात. हे सगळं घेऊन आगारात ‘प्रवासी राजा दिना’ला जा. २०२४ पासून विभाग नियंत्रक त्या दिवशी समोर बसून तक्रारी घेतात, आणि फेरीचा प्रस्ताव वर पाठवणारी सही त्यांचीच असते.

आता खास मुक्कामी गाडीबद्दल, जे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. ती बंद होण्यामागे बऱ्याचदा सरकारही नसतं आणि भारमानही नसतं. चालक-वाहकांना झोपायची सोय नसते. मी एका गावी मुक्कामाला गेलो होतो तर जागा दिली होती मारुतीच्या पाराच्या मागे पोत्यांच्या खोलीत. सोयाबीनची पोती, उंदीर, दिवा नाही, सकाळी लोटा घेऊन शेताकडे. तिथे ड्युटी लागली की माणसं रजा टाकायची, आणि नियंत्रक शेवटी ती फेरीच टाळायचा. बहुतेक आगारांत आता वाहक बायाही पुष्कळ आहेत, त्यांना मुक्काम देत नाहीत, त्यामुळे या ड्युटीला माणसं आधीच मोजकी उरतात. ग्रामपंचायतीची एखादी खोली रिकामी असेल तर ती या कामाला द्या: दोन खाटा, पंखा, कडी लागेल असं दार, पाणी, संडास, आणि गाडी उभी राहील असं उजेडाचं अंगण. ठरावात खोलीचा उल्लेख करा आणि फोटो काढून अर्जाला जोडा. फोटोत पंखा फिरताना दिसू द्या, कारण वीज जोडली आहे का हे आगारवाले पहिलं विचारतील.